आधी पेव, मग फेड



सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, आजोबा गणपतीच्या पेठेत, माझा मुक्काम आहे. वय सत्तरीच्या पुढे गेले, गळ्यातील वीणा तरुणांच्या गळ्यात घातली. आता फडावर उभे राहणे होत नाही. पण ओळखीची मंडळी संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात. त्यांत विड्या वळणाऱ्या मायबहिणी असतात, चादरी-टॉवेलच्या मागावरचे कामगार असतात, बंद पडलेल्या गिरण्यांतील कामगारांची मुले असतात. बोलणे सुरू होते एखाद्या अभंगाच्या अर्थावरून, आणि घटकाभरात येऊन थांबते कर्जावर. वारीला निघायचे आहे, पण हप्ता चुकेल. मुलीचे बाळंतपण आले आहे, पण आधीचेच फिटले नाही. अशा बोलण्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. “बुवा, हाती येते ते सगळे कर्जात भरतो. तरी कर्ज उतरत का नाही?”

माझे उत्तर ऐकून माणूस जरा दचकतो. मी म्हणतो, हाती येते ते सगळे भरता, म्हणूनच उतरत नाही. आधी थोडे अडीनडीचे बाजूला काढा, ते पुरे झाले की मग सगळे बळ फेडीला लावा.

यावर दोन शंका निघतात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिली शंका अशी, की लोकांचे देणे असताना घरात पैसा दाबून ठेवणे हा अधर्म नव्हे काय? दुसरी शंका खास आपल्या संप्रदायाची. विठ्ठल सांभाळणारा असताना वारकऱ्याने उद्याची साठवण करावी काय? या दोन शंकांचे निरूपण करायचे, तर ग्रंथांबरोबर आपल्या मातीचा इतिहासही उघडावा लागतो. आज तोच उघडू.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. माणूस जन्मतो तोच देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन, असे आपले पूर्वज मानीत आले. म्हणजे ऋण हा शब्द आपल्याकडे वाण्याच्या वहीपुरता कधीच नव्हता, त्याला धर्माचे वजन होते. पण त्याच पूर्वजांना सावकारी व्याजाचीही पुरती ओळख होती. तारण ठेवलेल्या कर्जावर महिन्याला मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे शेकडा सव्वा, एवढेच व्याज स्मृतिकारांनी योग्य धरले. शिवाय दामदुप्पटीचा नियम घातला. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, असा तो नियम. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. एवढी मर्यादा का घालावी लागली? कर्जात अडकलेला माणूस स्वतःच्या बळावर मर्यादा घालू शकत नाही, हे त्यांना दिसत होते. गरज घाईची असली की भावाची घासाघीस होत नाही. घरात पोर तापाने फणफणत असताना कोण व्याजाचा दर विचारतो?

आता मंगळवेढ्याला चला. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला आमच्या सोलापुरातून तिऱ्हे, कामती, माचणूर करीत मंगळवेढ्याला पोहोचते आणि तिथून पंढरी गाठते. त्या वाटेवरची काळी जमीन तुम्ही पाहिली असेल. मंगळवेढ्याची ज्वारी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. याच गावी बिदरच्या बादशाहीचे अधिकारी दामाजीपंत होऊन गेले. घोर दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, तेव्हा पंतांनी सरकारी कोठारे उघडली आणि धान्य लुटू दिले. बादशहाचा कोप झाला. मग विठुराया महाराचा वेष घेऊन बिदरला गेले, धान्याची किंमत भरली आणि पावती घेतली. ही कथा तुम्ही शंभर वेळा ऐकली असेल, मीही अनेक वेळा सांगितली. आपण सगळे त्या पावतीच्या चमत्कारावर रंगतो, आणि रंगावेच. पण आज एका साध्या गोष्टीकडे लक्ष द्या. पंतांपाशी दया होती, आणि त्यांच्या ताब्यात भरलेले कोठारही होते. पूर्वीच्या सुगीत कोणीतरी ते धान्य साठवले होते, म्हणून दुष्काळात ते वाटता आले. कोठार रिकामे असते तर पंतांच्या डोळ्यांत पाणी तेवढे आले असते.

आणखी एक गोष्ट. मंगळवेढा हे चोखोबांचेही गाव. दामाजीपंतांच्या पूर्वीचा तो काळ. गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले, असे परंपरा सांगते. शके १२६० म्हणजे इसवी सन १३३८ हे ते वर्ष. एकाच गावचे हे दोन संत. एकाच्या हाती कोठाराची किल्ली होती. दुसऱ्याच्या हाती दुसऱ्यासाठी राबण्यापलीकडे काही ठेवलेच नव्हते. गरिबाला संकटात मदत मिळायची ती किल्लीवाल्याच्या दयेवर. पंतांसारखा किल्लीवाला शतकात एखादा भेटतो. म्हणून ज्याच्या घरी काहीच नाही, त्याच्याच घरी लहानशी का होईना, स्वतःची साठवण असावी. तिची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला नसते.

आपल्या शेतकऱ्यांनी ही साठवण फार पूर्वी ओळखली होती. तिचे नाव पेव. तरुण वाचकांनी कदाचित पाहिले नसेल, म्हणून सांगतो. गावठाणाच्या कोरड्या, घट्ट जमिनीत खोल खड्डा खणायचा. तोंड अरुंद, पोट मोठे. तळाला आणि कडेला कडबा किंवा भुसा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीने लिंपून टाकायचे. हवा लागत नाही, त्यामुळे कीड जगत नाही आणि ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. कडेचे थोडे दाणे काळे पडतात, मधले चांगले राहतात. उघडतानाही घाई चालत नाही. आत कोंडलेली हवा जीव घेते, म्हणून तोंड मोकळे करून वाट पाहावी लागते आणि मगच माणूस उतरतो. रोजच्या जेवणाची ज्वारी घरातल्या कणगीत असे. सण आला, पाहुणा आला म्हणून कोणी पेव फोडीत नसे. पेव असते वाईट वर्षासाठी. आज शिकलेली मंडळी जिला आपत्कालीन निधी म्हणतात, ती वस्तू हीच.

आता देहूला जाऊ. तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती, दुकान होते, लोकांकडून येणे होते. १६३० च्या सुमाराला महाराष्ट्रावर जो दुष्काळ कोसळला, त्यात व्यापार बुडाला, गुरे गेली, थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. ज्या घराने इतरांना कर्ज दिले, त्याच घराचे दिवाळे निघाले. वाईट वर्ष सावकार आणि कूळ असा भेद करीत नाही. पुढे बुवांनी काय केले ते सर्वांना माहीत आहे. येण्याचे कागद काढले, निम्मे धाकट्या भावाला, कान्होबांना दिले आणि आपल्या वाट्याचे निम्मे इंद्रायणीत सोडले. सगळे का नाही सोडले? कान्होबांचा वाटा कान्होबांचा होता. दुसऱ्याच्या धनावर उदार होण्याचा मोह बुवांना झाला नाही. व्यवहार कसा चोख ठेवावा, याचाही हा पाठ आहे.

पण त्या कुळांच्या घरात डोकावून पाहा. बुवांच्या कृपेने जुने देणे बुडाले, गळ्याचा फास सुटला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरात काय होते? कणगी तशीच रिकामी होती. पुढच्या वर्षी पाऊस रुसला, बैल मेला, तर त्यांना पुन्हा कोणत्या ना कोणत्या दारात जाणे भागच होते, आणि प्रत्येक दारात तुकोबा बसलेले नव्हते. कर्जमुक्ती हे मोठे पुण्य आहे, पण ती मागचे धुऊन काढते. पुढच्यासाठी घरात काही असावे लागते.

हे मी उगीच तर्काने सांगत नाही. दोनशे वर्षांच्या आत-बाहेरचा इतिहास याची साक्ष देतो. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस, पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्याचे सुपे गाव. शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. कागद मिळाले तिथे त्यांची होळी झाली. माणसांवर हात टाकण्याचे प्रकार थोडेच घडले. लोण नगर जिल्ह्यात पसरले. त्याच्या आदल्या हिवाळ्यात शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातलाच होता. हे सारे इतिहासात दख्खनचे दंगे म्हणून नोंदले गेले.

लोक एवढे का पेटले? अमेरिकेतील यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात आपल्या कापसाला भाव चढला आणि सावकारांनी हात सैल सोडला. यादवी संपली, भाव कोसळला. इकडे सरकारने नव्या आकारणीत शेतसारा वाढवलेला. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत ३ वर्षे ठेवली होती. कायदा केला तो कुळाच्या सोयीसाठी. झाले उलटे. दर तीन वर्षांनी जुने मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेतला जाई. व्याजाचे मुद्दल होई, आणि त्या मुद्दलावर पुन्हा व्याज चढे.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. शेतकरी लग्नकार्यात उधळतो म्हणून बुडतो, असे साहेबलोक आणि आपल्यातलेही शहाणे तेव्हा म्हणत, आजही म्हणतात. आयोगाने तपासले तेव्हा आढळले, की लग्नाच्या खर्चाला या बाबतीत वाजवीपेक्षा जास्त दोष दिला जातो. कर्ज साचत होते ते खाण्याचे धान्य, बियाणे, बैल, शेतसाऱ्याचा हप्ता अशा लहान-लहान गरजांनी, आणि त्यांवर चढणाऱ्या व्याजाने. माउली, हे नीट लक्षात घ्या. माणसाला बुडवते ती नेमक्या दिवशी हातात नसलेली छोटी रक्कम. साऱ्याचा हप्ता पीक विकण्याआधी येई. पैसा महिन्याभराने येणारच असे, पण सारा आजच हवा असे. त्या महिन्याभराच्या खिंडीत सावकार उभा असे.

रोखे जळाले, आणि दुसऱ्याच वर्षी १८७६ चा मोठा दुष्काळ आला. तो १८७८ पर्यंत रेंगाळला. आमच्या सोलापूर जिल्ह्याने त्यात अपार सोसले. कागदांची राख उडून गेली होती, पण पोटाला दाणा नव्हता. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी कायदा झाला. तो पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू केला. न्यायाधीशाने रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता कर्जाचा मूळ इतिहास तपासावा, अवाजवी व्याज कापावे, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात धाडू नये, अशा चांगल्या तरतुदी त्यात होत्या. अनेकांची जमीन त्यामुळे वाचलीही. मात्र गरज होती तिथेच राहिली. सावकाराने कर्ज देताना हात आखडला, किंवा गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेण्याची युक्ती काढली. कूळ अडलेलेच होते, म्हणून तेही लिहून देत राहिले. जुलमाविरुद्ध कायदा हवाच. पण अडलेपण कायद्याने जात नाही. ते घरातल्या शिलकीने जाते.

ही गोष्ट पुढे सहकाराने ओळखली. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, १९१२ साली तो सुधारला. त्यात एक कलम आहे, ते मला शास्त्रवचनासारखे वाटते. संस्थेला जो निव्वळ नफा होईल, त्याचा किमान चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीला न्यायचा, आणि मग सभासदांना लाभांश वाटायचा. आपल्या राज्याच्या १९६० च्या सहकारी कायद्यातही तेच आहे. वाटप नंतर, राखीव आधी. गंमत पाहा, ज्या संस्थेतून आपण कर्ज काढतो, तिला कायदा सांगतो की आधी राखून ठेव. आपल्या घराला मात्र तसे सांगणारे कोणी नसते.

“चौथा हिस्सा कुठून आणू? महिनाअखेर वीस रुपये उरत नाहीत,” असे माझ्याकडे येणाऱ्या बहिणी म्हणतात. खरे आहे. त्यांच्यासाठी आपल्याकडे दुसरी रीत आहे, ती म्हणजे मूठ. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढले. सर्व जातींची गरीब मुले एका पंक्तीला जेवू लागली. पण त्यांना रोज घालायचे काय? लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे आपण आदराने सांगतो. त्या माउलीला त्रिवार दंडवत. पण प्रत्येक अडचणीला मंगळसूत्र पुरत नाही. कर्मवीरांनी मुष्टिफंडाची रीत चालवली. घरच्या बाईने रोज दळणाच्या धान्यातून एक मूठ बाजूला टाकायची, मुलांनी ती गोळा करून आणायची. एका मुठीने कोणाचे घर उपाशी पडले नाही, आणि मुठी-मुठींनी वसतिगृह जेवले.

हीच मूठ पुढे बचत गटाच्या रूपाने आली. १९९२ पासून नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचे काम सुरू केले. महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची, वहीत मांडायची, आणि गटातील बाई अडली तर त्याच पैशातून तिला माफक व्याजाने द्यायचे. ते व्याजही गटाच्याच पेटीत पडते. आमच्या पेठेतील कितीतरी बायका विड्यांच्या मजुरीतून गटात पैसे टाकतात. परवाच एक बहीण म्हणाली, “बुवा, नातू आजारी पडला तेव्हा पहिल्यांदाच मी कोणाच्या दारात न जाता दवाखान्यात गेले.” तिच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी वारीहून परतलेल्यांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

आता पहिल्या शंकेचे उत्तर हिशेबाने देतो. कीर्तनात दृष्टान्त लागतो, तसा इथे आकड्यांचा दृष्टान्त घ्या. एका घरावर २०,००० रुपये कर्ज आहे, शेकडा ३ महिना व्याजाने. घरधनी ओढाताण करून महिन्याला १,६०० भरू शकतो. त्यातले पहिल्या महिन्यात ६०० व्याजाला जातात, १,००० मुद्दलातून उतरतात. तो सगळेच्या सगळे भरतो. तीन महिन्यांत मुद्दल १७,००० च्या आत येते. घरात आनंद होतो. चौथ्या महिन्यात मुलगा आजारी पडतो, ३,००० लागतात. घरात दमडी नाही. मग शेकडा १० ने हातउसने आणले जातात. त्यांचे व्याजच महिन्याला ३०० होते. पुढचा जुना हप्ता अपुरा पडतो. सहा महिन्यांत त्या ३,००० वर १,८०० व्याज जाते, आणि मुद्दल जागच्या जागी राहते.

दुसऱ्या घरावर तेवढेच कर्ज. पण तो पहिले सहा महिने १,१०० भरतो आणि ५०० बाजूला टाकतो. सहा महिन्यांत ३,००० जमतात. कर्ज हळू उतरले म्हणून त्याला या काळात जास्तीचे व्याज किती पडले? अडीचशे रुपयांच्या आत. पुढेही ते ३,००० राखून ठेवल्याबद्दल त्याला महिन्याला ९० रुपयांचा भुर्दंड आहे; तो मी लपवीत नाही. पण मूल आजारी पडले तर त्याला ३०० चे व्याज नाही, मिनतवारी नाही, नवा सावकार नाही. आजार चौथ्याच महिन्यात आला, तरी १,५०० हाताशी आहेत. उसने निम्म्यावर आले. सहा महिन्यांनंतर तो पुन्हा पूर्ण १,६०० फेडीला लावतो आणि मग मध्ये अडत नाही. आता सांगा, देणेकऱ्याशी जास्त प्रामाणिक कोण? पेव भरणारा सहा महिने हळू चालतो, पण ठरलेला हप्ता चुकवीत नाही. अधर्म होतो तो हप्ता बुडवून पैसा दडवण्यात. हप्ता सांभाळून, जास्तीच्या रकमेतला वाटा राखण्यात अधर्म नाही.

म्हणून काही नियम सांगतो. कागदावर लिहून देव्हाऱ्याजवळ चिकटवावेत असे आहेत.

पेव लहान असावे. कर्ज डोक्यावर असताना मोठी ठेव करू नये, व्याजाने ती उलटी पडते. महिन्याचे धान्य आणि एक आजारपण निघेल एवढे पुरे. सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दवाखान्याचा मोठा खर्च निघू शकतो, तिची माहिती आधीच काढून ठेवावी. पण रिक्षाभाडे, बाहेरची औषधे आणि बुडालेला रोज यांसाठी पेवच लागते.

पेव घरखर्चाच्या डब्यात ठेवू नये. टपाल खात्यात १८८२ पासून बचत बँक आहे. तिथे, बँकेत किंवा नोंदी चोख असलेल्या बचत गटात ठेवावे.

भिशीला पेव समजू नये. दिंडीत आपण जेवणाची भिशी भरतो, ती वेगळी. पेठेतली भिशी बचत शिकवते, हे खरे. पण आपला नंबर कधी लागेल ते आपल्या हाती नसते. दुखणे नंबर पाहून येत नाही. चालवणारा पळाला, तर मुद्दलही जाते.

पेव कशासाठी फोडायचे, हे घरातल्या सर्वांनी आधीच ठरवावे. आजार, बुडालेला रोज, गळके छप्पर, मोडलेले शिवणयंत्र किंवा माग. लग्नाचा आहेर, मोबाईल आणि जत्रा यांत बसत नाहीत. हो, वारीही बसत नाही. वारीची तरतूद वेगळी करावी, म्हणजे विठ्ठलाच्या भेटीला जाताना घर उघडे पडत नाही.

फोडलेले पेव आधी भरावे. गेलेली रक्कम पुन्हा जमेपर्यंत जास्तीचा पैसा तिकडेच जाईल.

आणि परवाना नसलेला सावकार दारात दमदाटी करीत असेल, तर भिऊन गप्प बसू नये. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात तक्रार करता येते. अंगठा उठवून दिलेला कागद म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे, हे १८७९ सालीच ठरून गेले आहे.

आता दुसरी शंका. वारकऱ्याने साठवावे काय? आपले संत कोण होते ते आठवा. सावतोबा मळ्यात राबले, गोरोबांनी चाक फिरवले, नरहरी सोनारांनी भाता फुंकला, जनाबाईंनी दळण दळले. प्रपंच चोख करून परमार्थ साधणारी ही परंपरा आहे. सावतोबांनी पुढच्या पेरणीचे बी राखले नसेल काय? बी राखणाऱ्या शेतकऱ्याला आपण लोभी म्हणत नाही. लोभ साठवतो तो शेजाऱ्याच्या वाईट वर्षावर नफा काढण्यासाठी. पेव साठवते ते आपले वाईट वर्ष दुसऱ्याच्या अंगावर पडू नये म्हणून. एकाच ज्वारीची ही दोन कोठारे, पण त्यांचा धर्म वेगळा.

दिंडीचेच पाहा. पुढच्या मुक्कामी पाणी मिळेल न मिळेल, म्हणून टँकर बरोबर असतो. पाचशे माणसांचा स्वयंपाक असला, तरी शिधा थोडा जास्तच घेतला जातो, कारण वाटेत कोणी भुकेला येऊन पंगतीला बसेल. त्या जास्तीच्या शिध्याला कोणी विठ्ठलावरचा अविश्वास म्हणाले आहे काय? उलट तो शिधा असतो म्हणूनच आपण अनोळखी माणसाला “या माउली, बसा” असे म्हणू शकतो. ज्याच्या घरात काहीच नाही, त्याला दया करण्याचीही चोरी होते. पेव भरल्यावर पहिले सुख हेच लाभते, की शेजारी अडला तर दोन दिवसांचे धान्य बिनव्याजी देता येते.

तर माउली, सुरुवात कुठून करायची ते सांगून रजा घेतो. आपल्याला महिन्याला दोन एकादश्या मिळतात, वर्षाला चोवीस. त्या दिवशी चूल थंड असावी अशी मूळ रीत. आपण मात्र साबुदाणा, शेंगदाणे, वरी, भगर आणून “एकादशी दुप्पट खाशी” करून टाकली. पुढच्या एकादशीला फराळ साधा ठेवा. रोज चुलीवर चढणाऱ्या धान्याची आणि टाळलेल्या फराळाची किंमत काढा, पन्नास निघो की शंभर, आणि ती रक्कम द्वादशीला पारणे सोडण्याआधी बाजूला टाका. घरातल्या लहान मुलाच्या हाताने टाकवा, म्हणजे त्याला सवय लागेल. मधल्या दिवसांत जमेल तशी मूठ टाकत राहा. वर्षभराने मोजा. कर्ज तेव्हाही असेल, कदाचित थोडेच उतरले असेल. पण एखादी रात्र अशी येईल, की मुलाला ताप भरेल आणि तुम्ही कोणाच्याही दारात न जाता त्याला दवाखान्यात न्याल. त्या रात्रीपासून कर्ज वाढायचे थांबले, असे समजा. उतरण्याची वाट तिथून सुरू होते.

रामकृष्ण हरी.